गिझर, लाटणं आणि आईचा मुक्काम

आईला थंडीभर आपल्याकडे ठेवून घ्यायचं तर आधी पाण्याचं प्रेशर वाढवावं लागतं, हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी समजलं.

आई अकोल्याला, जठारपेठेत एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे संपावर. गेल्या डिसेंबरात ती अंगणात घसरून पडली आणि दोन तास तशीच बसून राहिली. (शेजारणीला हाक का मारली नाही? तर "तिचा सैपाक चालू होता.") मी तिला गाडीत घातलं आणि अमरावतीला, राजापेठेतल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. तिसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली.

"काहून? काय झालं?"

"तुह्या घरी आंघोळ होत नाई. डोक्यावरचं पाणी पाठीवर येईस्तोवर थंडं होते."

तक्रार खरी होती. आमचा मजला सगळ्यात वरचा, टाकी अगदी डोक्यावर, त्यामुळे शॉवरचं पाणी नाइलाजानं आल्यासारखं यायचं. त्याच दिवशी मी मिस्त्री बोलावले, शकीलभाई. त्यांनी गच्चीवर प्रेशरचा पंप बसवला, त्याचं बटन खाली बाथरूमशेजारी काढलं आणि विचारलं, "ताई, प्रेशर कितीवर ठेवू?"

"फुल."

"गिझर जुना हाय. मिडियमवर ठेवतो."

"शकीलभाई, आई परत चालली माही. फुल."

त्या दिवशी आई न्हाऊन आली ती लालबुंद होऊन. "आता कसं," म्हणाली, आणि पिशवीतलं एक लुगडं काढून कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं. एकच. पण सुरुवात झाली होती.

दुसऱ्या दिवशी गिझर ठिबकायला लागला. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हला एक बारीक तोटी असते, तिच्यातून. शकीलभाई फोनवर म्हणाले, "ठिबकू द्या. आत प्रेशर वाढलं की पाणी तिथून निघते. ते बंद नका करू. मी परवा येऊन प्रेशर उतरवतो."

अमरावतीच्या एखाद्या बाईनं हे ऐकलं असतं. मी पडले अकोल्याची! आमच्याकडे नळ चार-सहा दिवसांनी येतो. तो आला की घरातली वाटीसुद्धा भरून ठेवणाऱ्या माणसांपुढे पाणी ठिबकणं म्हणजे छळच. आईनं तर बाथरूमसमोर खुर्ची टाकली.

"पाह्य, अजून एक थेंब गेला."

"आई, खाली बादली ठेवली हाय."

"मले पाण्याचा नास पाहाले आणलं काय इथं? उद्याच्या गाडीनं जातो मी."

मी स्वतःला कामाची बाई समजते. (फ्यूज मी बदलते. नवरा टॉर्च धरतो, तोही भलतीकडे.) स्टुलावर चढले, मोडक्या लाटण्याची मूठ तासली, हातोडीनं तोटीत ठोकली आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली. ठिबकणं बंद! आईनं दुसरं लुगडं कपाटात ठेवलं.

सकाळी आई चहा पीत होती. पुढची आंघोळ तिची, म्हणून तिचा टॉवेल मी बाथरूमच्या दारावर टाकून ठेवला होता. नवरा पॅसेजमधल्या बेसिनपाशी दाढी करत होता. इतक्यात फाडकन आवाज झाला, गिझरची जाड नळी निसटली आणि वाफाळलेलं पाणी समोरच्या भिंतीवर आदळून बाहेर आलं. आधी कढत, मग कोमट, मग गार, पण जोर तोच. फुल!

"बटन!" नवरा ओरडला. "पंपाचं बटन बंद कर!"

बटन माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर होतं. पण डोळ्यांसमोर एवढं पाणी वाहून जात असताना मला बटन कुठलं दिसायला? मी बादली लावली. बादली भरली. मागून आई आली, काठीशिवाय, हातात परात घेऊन.

"हे लाव."

"आई, कळशी आण."

"कळशी भरली सकाळीच. कुकर आणतो."

नवरा एका गालाला फेस घेऊन आम्हा दोघींच्या मधून वाट काढत गेला आणि बटन बंद करून आला. तोवर पाणी आईच्या खोलीत शिरून कपाटाच्या खालच्या खणापर्यंत पोचलं होतं. दोन्ही लुगडी चिंब. आईनं ती न पिळता पिशवीत कोंबली.

मी तिला थांबवलं नाही. दारावरचा टॉवेल अजून कोरडाच होता. दहा मिनिटांनी नळी सुटली असती तर आत कोण असतं, हे मनात आलं. मी ओल्या स्टुलावर बसून राहिले.

शकीलभाई आले, वर चढले आणि पक्कडीनं मूठ उपसून काढली. "लाटणं हाय काय हे? कोणं ठोकलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पिशवी घेऊन दारात उभी असलेली आई म्हणाली, "म्या."

शकीलभाईंनी आईचे गुडघे पाहिले, छताजवळचा गिझर पाहिला, मग मला पाहिलं.

"आजी," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "या वयात स्टुलावर नका चढत जाऊ. आणि मिस्त्री फोनवर काई सांगत असला तर ऐकत जा."

"चुकलं बा," आई म्हणाली.

त्यांनी प्रेशर उतरवलं, व्हॉल्व्ह मोकळा केला, नवी नळी लावली आणि गेले. मी आईची पिशवी उचलली. "चाल. स्टँडवर सोडून देतो."

"कोणाले?"

"तुले. जायचं होतं ना?"

"अन् तुले इथं एकटी सोडू?" आईनं पिशवी हिसकावून घेतली. "लोकाचं पोरगं हाय घरात. त्याले काई झालं म्हंजे?"

(लोकाचं पोरगं तेव्हा साठ वर्षांचं होतं आणि दुसऱ्या गालाची दाढी करत होतं.)

आई होळीपर्यंत राहिली. समोरच्या काकूंनी तिला विचारलं, "तब्येतीसाठी आल्या काय?" आई म्हणाली, "नाई वो, मी बरी हाय. पोरीवर ध्यान ठेवा लागते."

तेवढे दिवस मी बाथरूमचं दार लावलं की बाहेरून आवाज यायचा, "हातात काई नाई ना तुह्या?"