एकशे बारा कप चहा

आमच्यात मरणाची बातमी कुणी तोंडावर सांगत नाही. दोन-तीन वडीलधारे जातात, चहा घेतात, जुन्या माणसांच्या आठवणी काढतात आणि मग म्हणतात, “कंबर घट्ट बांध.” ऐकणाऱ्याला काय ते कळतं. कारागांडा शहरातल्या आमच्या खाणकंपनीत हे काम कुलाश आपांइतकं कुणालाच जमत नसे. खाणीत माणूस गेला की घरच्यांकडे त्यांनाच पाठवायचे. हुद्दा म्हणाल तर साध्या कारकून. माझ्या शेजारच्या टेबलावर एकतीस वर्षं लोकांच्या फायली सांभाळणाऱ्या.

मग वरची खुर्ची दर दीड वर्षाला बदलू लागली. प्रत्येक नवा संचालक आपली माणसं घेऊन यायचा आणि आधीच्याची हाकलायचा. काम कुणाला येतं, हे विचारणारं कुणी उरलं नाही. पंप बंद पडला तर तो कुणाच्या गटाने बसवला होता, ते आधी बघत. काढायच्या माणसांची यादी मात्र वेळेवर तयार असायची. ती ऐकवायची हिंमत तेवढी एकातही नव्हती.

आमचा खातेप्रमुख अल्माज, वय चौतीस, एक दिवस गोड हसत आला.

“आपा, तुमच्या तोंडून ऐकलं की लोक आरडाओरडा करत नाहीत.”

“मी मेलेल्यांची बातमी देते रे, जिवंतांची नाही.”

“मग मेलेत असं समजा.”

आपांच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती. त्या नाही म्हणाल्या नाहीत. एकेकाला बोलवायच्या, चहा द्यायच्या, मुलाबाळांची चौकशी करायच्या आणि शेवटी तेच म्हणायच्या, कंबर घट्ट बांध. लोक खरंच गुपचूप सही करून जात. मला त्यांचा राग यायचा. पण मी तरी कुठे तोंड उघडलं? माझंही नाव यादीत नाही ना, एवढंच रोज बघत होते.

त्या हिवाळ्यात गावी, कारकारालीला, त्यांचा मोठा भाऊ तुलेगेन अंथरुणाला खिळला. आईबापामागे त्यानेच आपांना वाढवलं होतं. आपांनी चार दिवसांची रजा मागितली.

“यादी संपू द्या, मग खुशाल जा,” अल्माज म्हणाला. “आणि आपलं माणूस म्हणून सांगतो, सध्या रजेवर गेलेल्याची खुर्ची जागेवर राहत नाही.”

तुलेगेन फोनवर म्हणायचा, “ये गं, एकदा तोंड दाखवून जा.” आपा म्हणायच्या, “शुक्रवारी येते.” असे तीन शुक्रवार गेले.

मंगळवारी सकाळी त्यांच्या भाच्याचा फोन आला, तो मला. “बाबा गेले. आत्याला तुम्हीच नीट सांगा.”

मी युनियनच्या म्हाताऱ्या सागिनताय आगांना आणि कँटीनच्या रौशन आपांना बोलावून आणलं. दार लावून घेतलं, चहा ओतला. आगांनी कुलाश आपांच्या वडिलांची, त्यांच्या घोड्याची आठवण काढली. आपांनी आमच्या तिघांकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं आणि चक्क हसल्या.

“पुरे आगा. एकशे बारा जणांना मी असाच चहा पाजलाय. आलं ना माझं नाव? सही कुठे करू?”

आम्ही गप्प. त्यांना तोच होकार वाटला. खणातून त्यांनी भावासाठी घेऊन ठेवलेले लोकरीचे मोजे काढले, पिशवीत टाकले. इतका मोकळा चेहरा मी त्यांचा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

“बरंच झालं. सुटले एकदाची. दुपारच्या गाडीने निघते. तू तुलेगेनला फोन कर गं, म्हणावं आज नक्की येतेय.”

फोन त्यांनी माझ्याकडे सरकवला. माझा हात पुढे जाईना.

“कुलाश,” आगा म्हणाले, “कंबर घट्ट बांध, बाळा.”

“बांधली हो. आता कागद द्या.”

आगांनी कप खाली ठेवला.

“कागद नाही, कुलाश. तुलेगेन गेला. आज पहाटे.”

आमच्यात असं कुणी सांगत नाही.