कोंड्यावर वाढलेले रोहू

केशोरीजवळ धानाच्या बांधीला लागून आमची बोडी आहे. त्या तळ्यात मी पहिल्यांदा रोहूची बोटभर पिल्लं सोडली, त्या वर्षी मला सगळंच कळत होतं. मत्स्य खात्यातल्या माणसाने बजावलं होतं की कोंड्यात तेल काढून उरलेली शेंगदाण्याची ढेप आणि थोडी सुकटीची पूड मिसळा, मासळीच्या अंगाला प्रथिनं लागतात. मी मान डोलावली आणि राइस मिलमधून नुसता कोंडाच आणत राहिलो. आमच्याकडे कोंड्याला काय तोटा?

घरात माय आणि मी, दोघंच. त्या हिवाळ्यात माय खंगत चालली होती. बोडीच्या पाळीचा बांध चढतानाही मध्ये बसायची. मला धास्तीच बसली. दवाखान्यात मोठा रोग निघाला नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ह्या जेवतात काय? मी ठासून सांगितलं की आमच्या घरी आठवड्यातून दोनदा मासे शिजतात.

माघात जाळं टाकलं. रोहू चांगले गुबगुबीत निघाले. मी भलताच खूश झालो आणि मायच्या अंगात ताकद यावी म्हणून सगळ्यात मोठा घरी आणला. तिने विळीवर चिरला, तर पोटातून पिवळट चरबीचा गोळाच बाहेर आला. पाठीवर मांस नावापुरतं. माझं डोकं फिरलं. पिल्लं विकणाऱ्याचा मी यथेच्छ उद्धार केला.

माय शांतपणे खवले काढत म्हणाली, "त्याले कायले शिव्या देऊन राहिला, बाबू? नुसता कोंडा खाऊ घातला तं मासोळी अशीच होते. पोट दिसते, अंगात काही नसते."

एरवी मी जेवलो की हात धुऊन शेतावर पळायचो. त्या दिवशी राग निवळेना म्हणून चुलीपाशीच बसून राहिलो. माझं झाल्यावर मायने आपलं ताट घेतलं. भाताचा ढीग, त्यावर रस्सा. तुकडा एकही नाही. उरलेले तुकडे तिने वाटीत झाकून ठेवले होते, माझ्या संध्याकाळच्या जेवणासाठी.

"तुकडा काऊन नाही घेतला?"

"मी रस्साभातच खाते. पयलेपासून."

ढगळ झालेल्या बांगड्या तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होत्या. डॉक्टरीणबाईंना मी खोटं सांगितलं नव्हतं. मासे शिजत होते. खातं कोण, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी वाटीतला पाठीचा तुकडा तिच्या भातावर ठेवला. तिने तो उचलून परत वाटीत टाकला. मी पुन्हा ठेवला आणि तू खाईपर्यंत इथून उठत नाही, असं जरा चढ्या आवाजातच म्हणालो.

मग तिने खाल्ला. एकेक काटा काढत, माझ्याकडे न बघता, दुसऱ्या कुणाच्या तरी वाटणीचं खात असल्यासारखं.