निळ्यावर डाग पडतात

काळबोट्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या पिस्तुलामुळे. धावण्याच्या शर्यतीला बार काढायचं ते पिस्तूल स्पर्धांच्या तोंडावर अडकलं. बंदूकवाल्याचं दुकान माझ्या घराच्या वाटेवर होतं, म्हणून मुख्याध्यापकांनी ते माझ्याच पिशवीत टाकलं. अरुंद दुकान, तेलाचा वास, आणि काउंटरमागे जरा पोक काढून बसलेले एक उंच गृहस्थ. बोटं नखांपर्यंत निळी-काळी. काळबोटे हे त्यांचं आडनाव नव्हे. गल्लीनं ठेवलेलं नाव. पण ते इतकं चिकटलं की त्यांच्या लग्नपत्रिका वाटल्या तेव्हा लोकांनी विचारलं, हा कोण?

त्यांनी पिस्तूल दिव्याखाली उलटंपालटं केलं.

"हे कोण हाताळतं, बाई?"

"खेळाचे सर."

"घाम फार येतो त्यांना. अंगठ्याला जास्तच."

मला हसू आलं. आमचे खेळाचे सर हातातला रुमाल फक्त जेवताना सोडत.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. पोलादावर जी निळसर काळी झाक चढवतात, तो रंग नव्हे. तो आवरून धरलेला गंज. रोज तेलाचं बोट फिरवलं तर नातवंडांपर्यंत टिकतो. ओला हात लागला की उठून बसतो. "आणि काहींचे हात तर लोखंडाला मानवतच नाहीत," ते म्हणाले. "आमच्या धाकट्या बहिणीचेच बघा ना. तुमच्याच वर्गात आहे."

होती खरी. तिचा नवा कंपास आठवड्यात तांबूस व्हायचा, भूमितीच्या वहीवर बोटांचे ठसे उठायचे. नखं तपासायला मी मुलींना हात पुढे करायला लावत असे, तेव्हा तिचे तळवे नुकतेच धुतल्यासारखे चमकायचे.

पुढे धाकटीचं लग्न झालं, एका इमारत-ठेकेदाराशी. मी निवृत्त झाले आणि दुपारचं वर्तमानपत्र काळबोट्यांच्या दुकानात वाचू लागले. रिव्हॉल्व्हर घ्यायला येणारा माणूस निळं की स्टेनलेस यावर हमखास अडायचा. काळबोटे एवढंच विचारायचे, "रोज पुसणार का?" तो पटकन हो म्हणाला तर निळं. चाचरला तर स्टेनलेस. "स्टीलच्या भांड्यासारखं असतं ते," ते मला म्हणाले होते. "आळशी माणसाची लाज राखतं." याहून जास्त सल्ला त्यांनी कोणाला दिल्याचं मी ऐकलं नाही.

एका दुपारी ठेकेदार आला.

"काय मेहुणे, हात धुवायला अजून सवड झाली नाही वाटतं?"

"धुतले तर गिऱ्हाईक ओळखणार नाही, जावईबापू."

ठेकेदारानं रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं. "हे परत घ्या आणि स्टेनलेसचं द्या. निळ्याचं कौतुक पुरे झालं. जेव्हा बघावं तेव्हा डाग."

"भरलेलं आहे?"

"छे. गोळ्या मी वेगळ्या ठेवतो."

काळबोट्यांनी सवयीनं चक्र उघडलं. एक गोळी काउंटरवर पडली, अर्धं वर्तुळ फिरली आणि थांबली. ठेकेदार तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "राहिली असेल."

काळबोट्यांनी दिवा खाली ओढला. मुठीवरच्या पोलादावर तांबूस जाळी धरली होती, आणि तिच्या कडेला बोटांच्या खुणा होत्या. बारीक, एकमेकींना चिकटून. ठेकेदाराचे हात मला समोरच दिसत होते. सिमेंटनं फुटलेले, अंगठ्या रुतलेले, कोरडे ठणठणीत.

"निळंच राहू द्या," काळबोटे म्हणाले. "डाग मी काढतो. वेळ लागेल."

"तोवर ते कपाटातलं स्टेनलेस द्या."

"ते विकलं गेलंय."

कपाटातल्या त्या रिव्हॉल्व्हरला किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. ठेकेदारानं चिठ्ठीकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे.

"भावाबहिणीचा स्वभाव एकच. विचारावं एक, उत्तर भलतंच. तिला वळण लावायला मला बरीच वर्षं लागली. तुम्हाला एक महिना देतो."

तो गेल्यावर काळबोट्यांनी रिव्हॉल्व्हर आणि ती गोळी तिजोरीत टाकली, शटर ओढलं.

"बाई, माझ्याबरोबर चला. मी विचारलं तर धाकटी चहा टाकेल. तुम्ही विचारलंत तर उत्तर देईल."

धाकटीच्या घरात भर दुपारी पडदे ओढलेले होते. आम्हाला बघून ती हरखली आणि चहा टाकलाच.

"ते आले होते ना, दादा? दिलंस का स्टेनलेसचं?"

"तुला कसं माहीत?"

"मीच त्यांच्या मनात भरवलं. निळ्यावर डाग पडतात. पुसून पुसून कंटाळले मी." चमचा भांड्यात फिरतच होता.

काळबोटे खुर्चीवर बसले. मी माझ्या वर्गातल्या आवाजात म्हटलं, "हात पुढे."

तिनं दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. ओले होते. रेघांमध्ये तपकिरी रंग मुरला होता, आणि लोखंडाचा वास मला बसल्या जागी आला.

"तू कशाला हात लावतेस त्याला?" भावानं विचारलं.

"जेवताना ते ताटाशेजारी ठेवतात. जेवण झालं की उचलून कपाटात ठेवायचं काम माझं." तिनं हात पदराला पुसले. "दुपारी मीच काढून बसते. हातात असलं की बरं वाटतं."

"आत गोळी होती. कुणासाठी?"

तिनं चहावर झाकण ठेवलं.

"ते अजून ठरत नव्हतं, दादा."

खाली कुठली तरी गाडी थांबली. भाऊ-बहीण दोघांनीही दाराकडे पाहिलं. गाडी पुढे गेली. काळबोटे उठले आणि त्यांनी गॅस बंद केला.

"चप्पल घाल."

"बाईंचा चहा?"

"बाई आपल्या घरी पितील."

"ते मागोमाग येतील."

"येऊ देत. त्यांची वस्तू माझ्याकडे आहे."

ठेकेदार आला. दुकानात पाऊल टाकलं नाही. रस्त्यापलीकडे गाडीत काचा वर करून बसला. अजूनही अधूनमधून येतो आणि बसतो. महिना केव्हाच उलटला. रिव्हॉल्व्हरचं विचारायला त्यानं दोनदा माणूस पाठवला, तर काळबोट्यांनी सांगितलं, काम चालू आहे. खोटं नाही ते. जुनी निळाई त्यांनी पूर्ण उतरवली आहे, नवी चढवलेली नाही. असं उघडं पोलाद एका रात्रीत गंज धरतं.

धाकटी आता दुकानाच्या वरच्या खोलीत राहते आणि शिवणकाम करते. तिच्या हातात सुया टिकत नाहीत. काळबोटे सकाळी आधी त्या उघड्या पोलादाला तेल लावतात, तिजोरीला कुलूप घालतात, रस्त्यापलीकडे एकदा बघतात, आणि बहिणीसाठी सुयांचं नवं पाकीट आणायला जातात.