उल्हास नदीत शिडाची होडी: बांधली मी, चालवली बायकोने

अंबरनाथला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी दोन वर्षं प्लायवूडची होडी बांधत होतो. शेवटचा रंग वाळला तशी बायको वैशाली म्हणाली, "अहो, आता पाण्यात सोडा, नाहीतर लोक तिच्यात कुंड्या ठेवतील." रविवार ठरला.

आदल्या दिवशी उल्हासनगर कॅम्प दोनमधून शिडं आणली. ताडपत्र्या शिवणाऱ्या सिंधी काकांनी विचारलं, "साईं, इधर समुंदर किधर है?" पण शिलाई डबल मारली. जाणार असाल तर सकाळी जा, शेजारच्या गल्लीत दाल-पकवान गरम मिळतं.

रविवारी होडी टेम्पोत टाकून बदलापूर गाठलं. मित्र विलासचं शेत नदीला लागून आहे. तिथे पात्र रुंद, जलपर्णी कमी. लाइफ जॅकेट मात्र घ्याच. आम्ही भाड्याने आणली.

डोलकाठी उभी केली. तिच्या मागे मोठं शीड, पुढे छोटं तिकोनी. वारा समोरून असेल तर होडी सरळ जात नाही, तिरकी वळणं घेत न्यावी लागते, हे मला पाठ होतं. तरी मी शिडाची दोरी ओढून धरली की होडी नुसती कलायची आणि काठाकडे सरकायची. दोन-तीनदा गवतात शिरलो.

"मी बघू?" वैशाली म्हणाली.

ती एकटीच बसली. दोरी सैल सोडली, शीड फडफडलं, मग फडफड थांबेपर्यंतच ओढली. होडी निघाली! तिरकी पलीकडे गेली, वळली, परत येऊ लागली. विलास ओरडला, "वहिनींचा हात बसला की रे!"

दोन वर्षं सँडपेपर मी घासला होता. आणि ती हसत होती; इतकं मोकळं हसताना मी तिला घरात कधी पाहिलं नव्हतं. मी हाक मारली, "बस झालं, वारा वाढलाय!" ती काठाला लागताच मी शिडं उतरवून टाकली.

घरी परतल्यावर गच्चीवर शिडं वाळत घालताना ती म्हणाली, "वारा वाढला नव्हता."

"नाही."

"मग?"

"तुला जमलं, ते मला बघवेना."

ती चिमटे लावत राहिली. "लग्नानंतर पहिल्यांदा मी एकटीनं काहीतरी केलं होतं," एवढंच म्हणाली आणि खाली गेली.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी "तू चालवतेस?" असं मीच विचारलं. सुकाणू आणि मोठं शीड तिच्याकडे; पुढचं छोटं शीड माझ्याकडे, ती सांगेल तसं सोडायचं, ओढायचं. होडी मस्त धावली. मग तिने विचारलं, "एक चक्कर एकटी मारू?" मी होडीला धक्का दिला आणि काठावर बसलो.

घरी येऊन हे लिहितोय. जळलो का? जळलो. पण ती नदीच्या वळणापर्यंत गेली, आणि मी हाक मारली नाही.