एम.ए. मराठी, राजेंद्र नगर

एम.ए. मराठीला आम्ही तिघी होतो. दोघी लग्न करून गेल्या आणि विद्यापीठात पहिली आले मी; दुसरं कुणी उरलंच नव्हतं. इंदूरमध्ये राहून मराठीत एम.ए. करणं म्हणजे निव्वळ हौस, असं सगळे म्हणायचे. मी ऐकलं नाही. हट्टीपणा माझा जुनाच.

राजेंद्र नगरात आमच्या समोरच माझी बालमैत्रीण राहायची. तिनं कॉम्प्युटर सायन्स घेतलं आणि शेवटची परीक्षा व्हायच्या आतच तिला पुण्यात नोकरी लागली. गंमत बघा, मराठी पेपर वाचताना जिची दमछाक व्हायची ती पुण्याला गेली, आणि मराठी शिकलेली मी इथेच राहिले. मी अर्जामागून अर्ज करत होते. मराठी शाळांत मुलंच नव्हती, बाकीच्या शाळांना मराठी नको होती. शेवटी लाज सोडून तिला फोन केला. तिच्या कंपनीला मराठी मजकूर लिहिणारं माणूस हवं होतं.

"मी विचारलं गं," ती म्हणाली, "पण एचआर बोलतेय, टेक्निकल डिग्री कंपल्सरी आहे. सॉरी यार."

त्यानंतर आमचे फोन कमी झाले. संध्याकाळी समोरच्या गच्चीकडे बघायची सवय मात्र सुटली नाही. फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायचं तर मी तिलाच सांगितलं असतं.

मग तिचं लग्न ठरलं. आमच्याकडे घरच्यांची नावं गुंफून मंगलाष्टकं रचतात, आणि कॉलनीतलं हे काम एव्हाना माझ्याकडेच यायचं. तिची आई घरी आली.

"तू तर मराठीवाली आहेस ना, फटाफट लिहून दे बेटा."

फटाफट! शार्दूलविक्रीडितात तिच्या आजोळची आठ नावं बसवता बसवता माझे चार दिवस गेले. शेवटच्या कडव्यात, कुणाला न विचारता, आम्ही दोघी डबलसीट शाळेत जायचो ती सायकल घातली.

मुहूर्ताला मंगलाष्टकं मीच म्हटली. सायकलची ओळ आली तशी मैत्रीण अंतरपाटाआड रडली. मीही रडले. अक्षता पडल्यावर पुण्याहून आलेली नवऱ्यामुलाची आत्या मला शोधत आली.

"किती सुंदर लिहिलंय हो! तुम्ही काय करता?"

'मी लिहिते' हे उत्तर अगदी तोंडाशी आलं होतं. नापास झाल्यासारखी जगत होते इतके दिवस; आज पहिल्यांदाच वाटलं, आपल्यालाही काहीतरी काम आहे. पण मैत्रिणीची आई लगबगीनं मध्ये आली. माझी अडचण होऊ नये म्हणूनच, बिचारी. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अहो, कुछ नहीं, सध्या घरीच असते ती. मोकळीच असते ना, म्हणून लिहिलं."

मी हसले, आणि आत्याबाईंना जेवणाचा हॉल कुठे आहे ते दाखवलं.