शिवणवाल्या मावशींची गोळ्यांची डबी

पडद्याची दुमड अर्ध्यावर आली आणि मावशी सकाळपासून पाचव्यांदा बाथरूमकडे धावल्या.

"मशीन इथे, तू तिथे. पडदा शिवतंय कोण?" यजमान पेपरातून म्हणाले.

"लघवीला आग होतेय हो! चेष्टा कसली सुचते?"

महिनाअखेरीस लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं. आजारी पडून चालणार नव्हतं. पण आपण देवावर भार टाकतो, तसा मावशींनी आपल्या गोळ्यांच्या डबीवर टाकला. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. चिंधीसुद्धा टाकली नाही, ती गोळी टाकेल? बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या बटणांच्या डबीत, रंग जुळवून. मागच्या खेपेला या दुखण्यावर गुलाबी लागू पडली होती, म्हणून गुलाबी घेतली. दोन दिवस काही फरक नाही. मग पिवळी. पोटात ढवळायला लागलं. आग जिथल्या तिथे.

शेवटी मावशी डबी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी लघवी तपासायला पाठवली. दोन दिवसांनी कागद आला. या जंतूंवर कुठलं औषध चालतं, कुठलं नाही, याची त्यावर लांबलचक यादी. डॉक्टरीणबाईंनी यादीवर बोट ठेवलं.

"ही तुमची गुलाबी, निकामी. पिवळी, तीही निकामी. मनाने घ्यायची, मध्येच सोडायची, त्यानेच जंतू असे निर्ढावतात. पोटात घ्यायची दोनच औषधं उरलीत. तीही गेली तर भरती व्हायचं, इंजेक्शनं घ्यायची."

मावशींचा चेहरा उतरला. "मग त्यातलं भारी द्या बाई."

"भारी कशाला? मापाचं देते. बाळाच्या झबल्याला पडद्याचं कापड लावता का तुम्ही?"

हे मात्र मावशींना लगेच पटलं.

पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आग थांबली आणि हात आपोआप डबीकडे गेला.

"चार ठेवू का हो बाजूला? अडीनडीला होतील."

"ठेव की. दुखणं उलटलं तर लेकीकडे मीच जातो. दुपटी बदलेन, बाळाला न्हाऊ घालेन."

या माणसाच्या हातून चहाचा कप धड विसळला जात नाही! मावशींनी देवाचं नाव घेतलं आणि पुढची गोळी घ्यायला घड्याळाचा गजर लावला.

पाचव्या दिवशी शेवटची गोळी पोटात गेली. डबीतल्या सगळ्या रंगीत गोळ्या डॉक्टरीणबाईंच्या हवाली झाल्या, डबीत पुन्हा बटणं आली. पडद्याची दुमडही पुरी झाली.

आता स्टेशनवर जाऊन लेकीच्या गावचं तिकीट काढायचं होतं.