नेल्डाच्या रायफलची दारू

हाल्वर म्हणजे तऱ्हेवाईक माणूस. आमच्या खोऱ्यात घरच्या घरी काडतुसं भरणारे खंडीभर मिळतील, पण हाल्वर भरायला बसला की रेडिओ बंद, कुत्रं बाहेर आणि बाकावर बंदुकीच्या दारूचा डबा एकच. दुसरा डबा फळीवरून उतरवायचा तर पहिला आधी वर गेला पाहिजे. काडतुसाच्या पुंगळीत भलतीच दारू पडली तर बंदूक तोंडावर फुटते, मग बसा बोंबलत, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. लोक कंटाळायचे, पण ऐकून घ्यायचे.

त्याची बायको नेल्डा या सोवळ्याला हसायची. नेम मात्र तिचा. भल्या भल्या बाप्यांनी मान खाली घालावी असा. तिच्या रायफलला एकच दारू मानवायची, जाड्या लांबट काड्यांची. ती मापातून सरळ पडत नाही, मध्येच अडकते. मग हाल्वर एकेका पुंगळीची दारू तराजूवर चिमटीचिमटीने तोलायचा आणि वर कुरकुरायचा, की तुझी रायफल तुझ्यासारखीच नखरेल. लग्न झाल्यापासून नेल्डाने दुसऱ्या कुणी भरलेलं काडतूस वापरलं नव्हतं, आणि हाल्वरने भरलेलं कधी तपासलंही नव्हतं. किती लांबवर गोळी किती खाली उतरते, हे तिच्या हातात भाजीतल्या मिठासारखं बसलेलं होतं.

त्या उन्हाळ्यात नेल्डाचा कॅन्सर हाडांत उतरला. पुढचा हिवाळा धरून चालू नका, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. नेल्डाने एवढंच विचारलं, की बर्फ पडायच्या आत एक एल्क, ते घोड्याएवढं हरीण, मारता येईल का. बाई म्हणाल्या, जे मनात असेल ते करा. परतताना गाडीत ती हाल्वरला म्हणाली, “माझी नेहमीचीच दारू भर. लाड करू नकोस.” त्याने मान हलवली.

मान हलवली खरी. पण एके सकाळी तिला स्वेटर घालताना त्याचा हात तिच्या खांद्यावर पडला, आणि हाताला नुसतं हाड लागलं. मांस उरलंच नव्हतं. त्या रायफलचा धक्का म्हणजे खेचराची लाथ. खांद्याचं हाड काडकन मोडेल, आणि उरलेले दिवस बाई विव्हळत काढेल. त्याने फळीवरून दुसरा डबा उतरवला. ही बारीक दाण्यांची मवाळ दारू. थोडीशीच घालायची. पोरांना बंदूक शिकवताना लोक हीच भरतात, कारण धक्का हलका बसतो. गोळीही हळू जाते, लांबवर जास्त खाली उतरते. पण नेल्डा शिकारीला बसायची झऱ्यापाशी, आणि तिथे जनावर अगदी जवळ येतं. तेवढ्याला काय होतंय, असं त्याने स्वतःला समजावलं. तेवढ्या अंतराचा रायफलचा नेमही त्याने गुपचूप बसवून घेतला. नेल्डाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने डबा त्याच्या डोक्यात घातला असता.

बाहेरून काडतूस काडतुसासारखंच दिसतं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी दोघं झऱ्यापाशी बसली. नेल्डा थर्मासमधली कॉफी पीत होती, गालावर कितीतरी दिवसांनी रंग होता. एल्क आल्या, पण झऱ्यावर नाही. घळीच्या पलीकडच्या उतारावर एक धष्टपुष्ट मादी निघाली, चांगलीच लांब. नेल्डाने रायफल उचलली. अंतर तिच्या ओळखीचं होतं, तिथे नेम कुठे धरायचा हेही. हाल्वरने तोंड उघडलं आणि मिटलं. एका शब्दाचं काम होतं, आणि तो मेला गप्प बसला. गोळी सुटली. मादीचा पुढचा पाय मोडला आणि ती तीन पायांवर झाडीत शिरली.

रक्ताच्या मागावर दोघं दिवस मावळेपर्यंत फिरली. नेल्डा दर झाडाला टेकून श्वास घ्यायची, पण परत फिरू या म्हणाली नाही. दगडगोट्यांत माग तुटला. दुसऱ्या दिवशी हाल्वर शेजारच्या रड्डला घेऊन पुन्हा गेला, पण काही सापडलं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. जखमी केलेलं जनावर हरवलं तर ते आपलंच धरायचं. परवान्याची चिठ्ठी, एका जनावराला एकच मिळते ती, शिकार झाल्यासारखी आपल्या हाताने कापायची आणि त्या वर्षी घरी बसायचं. बघायला कुणी येत नाही, तरी करायचं. हाल्वर रिकाम्या हाताने परतला तेव्हा नेल्डाने खिशातला चाकू काढून चिठ्ठी कापली. म्हणाली, माझा हात गेला रे. मग ती उठता बसता आपल्या बोटांकडे बघायला लागली. जेवण टाकलं. ते तीन पायांवरचं जनावर तिच्या डोळ्यांसमोरून हलेना, आणि ती ते पुन्हापुन्हा बोलून दाखवायची.

हाल्वरचा जीव तीळतीळ तुटत होता. शेवटी एकदा न्याहारीला बसल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं.

नेल्डाने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “म्हणजे माझा हात नाही गेला?”

“नाही.”

“माझा शेवटचा हंगाम तू घालवलास, हाल्वर. केसाने गळा कापलास. मी मरायला टेकलेय, लहान नाही झालेय. मला विचारायचं होतंस.”

तो तिथेच, अंड्यांच्या बशीसमोर, ढसाढसा रडला. तिने त्याला उगी केलं नाही. पुढे कित्येक दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर तेच बरोबर होतं.

पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी तिनेच तोंड उघडलं. माझ्या दारूचं एक काडतूस भर म्हणाली. एक काडतूस भरायला हाल्वरला अर्धी सकाळ लागली. रायफलचा नेम त्याने पहिल्या जागी परत बसवला, मग दारू तीनतीनदा तोलली. शिकार आता नव्हतीच, चिठ्ठी कापलेली. त्याने घरामागच्या कुरणाच्या टोकाला, त्या मादीइतक्याच अंतरावर, कॉफीचा रिकामा डबा खांबावर ठेवला. खांद्यापाशी धरायला उशी आणली, ती नेल्डाने बर्फात भिरकावली.

बार झाला. डबा उडाला. नेल्डा खुर्चीसकट मागे कलंडली, आणि हाल्वर धावला तर बाई डोळ्यांत पाणी आणून हसत होती. हाड मोडलं नव्हतं. खांदा मात्र काळानिळा पडला. रड्डची बायको सूप घेऊन आली तेव्हा नेल्डाने कॉलर खाली ओढून तिला तो वळ नव्या दागिन्यासारखा दाखवला. हाल्वरशी ती पुन्हा बोलायला लागली, त्याच्या कुरकुरीची नक्कल करायला लागली. नऊ दिवस.

गेली तेव्हा तिला आंघोळ हाल्वरनेच घातली. परक्या माणसाला हात लावू दिला नाही. पाणी कोमट करून घेतलं, केस विंचरले. खांद्यावरचा वळ अजून उतरला नव्हता, नुसत्या कडा हिरवट झाल्या होत्या. हाल्वर त्यावर तळवा ठेवून बसला. तिला आता दुखणार नव्हतं, तरी हात त्याने हलकाच ठेवला.